अक्का चव घेते

उभ्या खानदेशात स्वतःच्या ताटाला घाबरणारी बाई एकच असेल, आणि नेमकी तीच रोज बावीस माणसांची ताटं वाढते. ती म्हणजे आमच्या खानावळीची अक्का. तिचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही, कारण मी मुळात भित्रा माणूस. नववीत शाळा सोडली आणि सावंतवाडीच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातून जो निघालो तो फिरत फिरत जळगावच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात येऊन पडलो. इथलं ऊन वेगळं, बोली वेगळी, आणि मिरची तर अशी वेगळी की पहिल्याच घासाला मला आई आठवली. त्या दिवशी मी अक्काला "तुम्ही थोडा भात द्याल का" असं अदबीनं म्हणालो, तर पळी हवेत धरून ती म्हणाली, "'तुम्ही' म्हणशील तर वरणही पाहुण्यासारखं मिळेल. लांबून आणि पातळ." मी घाबरून तिथल्या तिथं 'तू' वर आलो. परक्या गावात 'तू' म्हणायला कोणीतरी मिळालं, याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

ओट्याच्या वर, जिथं लोक देव लावतात तिथं, अक्कानं एका भल्यामोठ्या बाईचा फोटो लावला होता. बाई खुर्चीत बसलेली होती की खुर्ची बाईत, ते चटकन कळत नसे. मी त्या फोटोला मनापासून हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "थोरली बहीण का गं? कधी वारली?" अक्कानं भाकरी थापता थापता वर पाहिलं. "ती मीच शे. गई ती. परत येवाले नको म्हनीसन टांगेल शे." धुळ्याकडचं माहेर असल्यानं रागात किंवा मायेत आली की ती अहिराणीवर जायची, एरवी मेंबरांशी शुद्ध बोलायची. पुढं दसऱ्याला एका नव्या मेंबरानं भाबडेपणानं त्या फोटोला झेंडूचा हार घातला. आम्ही श्वास रोखून बसलो. अक्का बघून म्हणाली, "राहू दे. हार पडला म्हणजे पक्की गेली."

ती 'गेली' त्याला कारण गुडघे. बावीस किलो वजन अक्कानं एका वर्षात उतरवलं होतं, आणि हे मी यायच्या आधीच झालेलं होतं. जळगावात डॉक्टरांची रांग आहे, पण तिचा भरवसा धुळ्याच्या डॉक्टरावर आणि त्याच्या काट्यावर. म्हणे, माहेरचा काटा खोटं बोलणार नाही. त्या डॉक्टरानं सांगितलं होतं, "अक्का, उतरवलंत, शाबास. आता वर्षभर तिथंच ठेवा. ठेवलंत तर गुडघ्याला चाकू लावायचं काम नाही. वाढलं तर ऑपरेशन, आणि तीन महिने ओट्याजवळ उभं राहायचं नाव नाही." तीन महिने खानावळ बंद म्हणजे खानावळ कायमचीच बंद. बावीस मेंबर बावीस दिशांना जाणार, आणि नवरा गेल्यापासून तिचा दिवस ज्या एका कामावर उभा होता ते कामच बसणार. म्हणून अक्का म्हणायची, "उपास करणं सोपं. उपास सोडल्यावर माणसासारखं राहणं अवघड."

हे माणसासारखं राहणं बघायला आम्ही तिकीट काढून बसलो असतो. सकाळी स्वयंपाकाला हात लावायच्या आधी ती स्वतः जेवून घ्यायची, का तर भुकेल्या माणसानं ओट्याजवळ जाऊ नये. जेवायला बालवाडीच्या पोराची ताटली, तिच्यावर ससा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी सगळ्यांसाठी तव्याएवढी, तिच्यासाठी तळव्याएवढी. सशाचे कान झाकले जातील एवढीच भाजी. बसायचं ते ओट्याकडे पाठ करून, आणि प्रत्येक घास इतका चावायचा की समोर बसलेल्याचं जेवून हात धुऊन व्हायचं. चहातली साखर बंद केली तेव्हा आठवडाभर ती चहाच्या कपाकडे सासरी निघालेल्या मुलीकडे बघावं तशी बघायची. शेवभाजीच्या दिवशी तर पातेल्याशी चक्क बोलणी चालत. "तू तुझ्या जागी, मी माझ्या. तुझं माझं वैर नाही." हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी असली की अक्का पदराखाली काकडीचा डबा घेऊन जायची. भरीत खायची, पण पुरीला हात लावायची नाही. तिथल्या बायका कुजबुजायच्या, "अक्काच्या घरी सुतक आहे का वं?"

दोन महिने काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या महिन्यात तिनं मला बरोबर घेतलं. माझी सुट्टी शुक्रवारी आणि एसटीच्या पायऱ्या उतरताना तिला हात लागायचा, म्हणून. धुळ्याला काट्यावर उभी राहिली आणि काटा दोन किलो पुढं! अक्कानं आधी चपला काढल्या, मग बांगड्या, मग मला काट्यावर उभं केलं. माझं वजन बघून डॉक्टर म्हणाला, "काटा बरोबर आहे, पण हा पोरगा बरोबर नाही." अक्कानं आपलं सगळं खाणं घडाघडा सांगितलं, ससासुद्धा सांगितला. डॉक्टर कोड्यात पडला. एवढ्यात माझ्या तोंडून, देव जाणे कसं, निघून गेलं, "अक्का चव घेते."

"चव घेणं म्हणजे काय खाणं असतं का रे?" अक्का गरजली. आणि खरंच, तिच्या हिशेबी ते खाणं नव्हतंच. आयुष्यभर बावीस माणसांचं रांधणाऱ्या बाईला पळीतून तळहातावर घेतलेलं वरण म्हणजे श्वास घेण्यासारखं. डॉक्टरानं मला बोटं मोजायला लावली. वरण एकदा फोडणीआधी, एकदा नंतर. भाजी तीनदा. ठेचा बोटभर. बट्टी आतून भाजली का बघायला एक तुकडा, आणि तो कोरडा बघता येत नाही म्हणून वर तूप. हे दोन वेळा. माझी बोटं संपली. डॉक्टर हसून म्हणाला, "अक्का, तुमचं एक अख्खं ताट रोज तळहातावरून जातंय."

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बघत बसली. मी खिडकीला टेकून घामाघूम. भर दवाखान्यात चहाडी केली, आता जेवण तुटलं, ओळख तुटली, पुन्हा नवं दार शोधायचं. पारोळा गेलं. एरंडोल आलं तेव्हा ती तशीच समोर बघत म्हणाली, "उद्यापासून चव तू घ्यायची."

आणि नववी नापास माणसाला नोकरीवर नोकरी लागली. सकाळी कामावर जायच्या आधी आणि पाळी सुटल्यावर संध्याकाळी, मी ओट्याजवळ वाटी घेऊन हजर. तळहातभर चव चालायची नाही. "जिभेला कळेल एवढं घे," म्हणत ती वाटीच भरायची, वर भाकरीचा तुकडा, "कोरडं कसं कळेल?" म्हणून भात. पहिल्या दिवशी वरण खाऊन मी म्हणालो, "बरं आहे."

"बरं शे म्हंजे काय? वरनना ताप उतरना का?"

मी गडबडलो. "म्हणजे... चांगलं आहे."

"चांगला तर आमचा नानाही आहे. मीठ टाकू का नको, ते सांग!"

नाना म्हणजे खानावळीचा सर्वात जुना मेंबर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो बाकावरून ओरडला, "अक्का, वरणात मिठाची एक सीट रिकामी आहे. पुढं सरकवा!" सगळे हसले आणि मी लाजेनं मान खाली घातली. पण त्या दिवसापासून मी शब्द शोधायला लागलो. यंत्रावर चटई विणताना डोक्यात तेच. मेथीचा कडूपणा कुठं लागतो? ठेचा आधी जिभेवर येतो की कानात? शाळेत निबंधाला मला कधी चार ओळी सुचल्या नव्हत्या, आणि आता मी सांगायला लागलो की आजची आमटी घाईत आहे, फोडणी मागे राहिली. आज वांग्याला धूर लागलाय पण मीठ दारातच थांबलंय. अक्का मान डोलवून चिमूट टाकायची. "आज बोलला मनुष्यासारखा." नाना म्हणायचा, "अक्का, याला दहावीला बसवा, मराठीत पास होईल." पुढच्या महिन्यात काटा जागेवर आला. अक्कानं दवाखान्यात माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हा माझा जीभवाला." आणि व्हिडिओ कॉलवर माझी आई मला बघून किंचाळली, "अरे, गाल इले तुका! कोण जेवक घालता?"

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आपल्याकडे दिवाळी, तशी खानदेशात आखाजी. पितरांसाठी घागर भरायची आणि निवद रांधायचा. त्या दिवशी अक्कानं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, रुमालासारख्या पातळ, शिवाय रस्सी (इथली कटाची आमटी), आमरस, भजी, कुरडया. मी सवयीनं वाटी घेऊन ओट्याजवळ गेलो, तर तिनं हातावर चापटी मारली. "निवद शे तो! निवद कोनी चाखस का?" मी गप बाजूला झालो. पानं वाढली, पितरांचं झालं, मग आम्ही बसलो. नानानं रस्सीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. मीही घेतला. मीठ बरोबर. तिखट बरोबर. पुरणाचा गोडवा जिथं थांबायला हवा तिथं थांबलेला. सगळं न चाखता!

मी वाटी खाली ठेवली. ही बाई इतकी वर्षं प्रत्येक सणाला न चाखता रांधते आणि चिमूटभराची चूक होत नाही. मग मी कशाला? माझी गरजच नाही हे हिच्या अजून लक्षात आलं नसेल, आलं की मला उठवणार. सगळे पांगल्यावर मी धीर करून विचारलं, "अक्का, तुला चाखावं लागतच नाही. मग मला का उभं करतेस?"

ती घागरीवरची डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड नीट करत होती. "निवदाचं पितर बघतात. तुमचं कोण बघणार?" असं काहीतरी बोलली. मी हललो नाही. तेव्हा हात पुसून माझ्याकडे वळली. "तू उना तव्हय अर्धं ताट टाकीसन उठे. हाडं नुसती. मानूसले 'जेव' म्हनं का तो लाजस. 'चाखीसन सांग' म्हनं का खाई लेस." मग स्वतःशीच हसली. "मी चाखता चाखता दोन किलो वाढनू. म्हनं, या पोऱ्याले बी तीच गोळी लागू पडी."

भरलेले डोळे लपवायला मी रस्सीच्या पातेल्यावर वाकलो. तिनं पाठ फिरवून म्हटलं, "आता रडून रस्सी खारट करू नको. बरोबर पडली आहे."

दिवाळीला वर्ष पुरं झालं. धुळ्याचा काटा जिथला तिथं होता. डॉक्टर म्हणाला, "जिंकलात. चाकू गेला." अक्कानं काट्याला वाकून नमस्कार केला, गुडघा न धरता, आणि बाहेर येऊन स्टँडवर एक कचोरी घेतली. अर्धी तिची, अर्धी माझी. आपली अर्धी तिनं एसटी सुटेपर्यंत चावली. खानावळ चालू राहिली, आणि चाखण्याची माझी नोकरीही.

या वर्षी कारखान्याचा नवा भाग शिरपूरला सुरू झाला आणि मला तिकडं पाठवलं. पगाराला, कामाला नावं ठेवायला जागा नाही. कँटीन स्वच्छ आहे. दर रविवारी अक्काचा फोन येतो. या रविवारी तिनं विचारलं, "काटा तठेच शे. तुना कितला?" मी औषधांच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन आलो होतो. तीन किलो खाली. म्हणालो, "माझाही तेवढाच आहे, अक्का."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "आवाज बारीक व्हयेल शे तुना. शुक्रवारले धुयाले ये. काटावर दोन्हीजन उभा ऱ्हाऊत." आणि फोन ठेवला.

धुळं तिला जळगावहून लांब, मला शिरपूरहून जवळ. ती एसटीच्या पायऱ्या आता एकटी उतरते. म्हणजे ती येणार, आणि मी पकडला जाणार. तीन किलो चार-पाच दिवसांत कुठून आणायचे, या काळजीनं मी सोमवारपासून कँटीनमध्ये दोन वेळा वाढून घेतोय. आज दुपारी पाचवी पोळी मागितली तेव्हा उत्तरेकडचा वाढपी थांबला आणि हसून म्हणाला, "क्या भाई, घर से कोई आ रहा है क्या?"

मी नाही म्हणणार होतो. माझं घर समुद्राकडे, पार तिकडे खाली, तिथून इतक्या लांब कोण येणार? पण ताट पुढं केलं आणि म्हणालो, "हाँ. परसों."