ओठांवरचं बोलणं

गिरण्यांचा संप विरल्यावर दुसऱ्या वर्षी परळमधल्या कर्णबधिर बायकांच्या शिवणवर्गाचं सरकारी अनुदान थांबलं. वर्गातल्या सहा जणी अनुदान खात्याच्या साहेबांकडे गेल्या. मी बातमीसाठी गेलो होतो. त्यांच्यासोबत नोकरी गेलेला एक गिरणीतला विणकर होता. साहेबांचं बोलणं तो आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बायकांना सांगे.

साहेब फाइलीत बघून पुटपुटले. तो म्हणाला, “साहेब, जरा तोंड वर करून बोला.”

“का हो, तुम्हीपण बहिरे?”

“साचेखात्यात सतरा वर्षं काढली. मागांच्या त्या खडखडाटात सगळेच ओठ नि खुणा वाचायचे.”

साहेबांनी मान वर केली. मग बायकांनी खुणांनी उत्तरं दिली, त्यानं ती बोलून सांगितली. अनुदान सुरू करण्याच्या शिफारशीवर सही झाली.

जिन्यात मी त्याच्या पाठीमागून नाव विचारलं, दोनदा. तो पायऱ्या उतरत राहिला.