शेवटचा बेल कोंडाबाईचा

आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. तहसील कचेरी घोडेगावला, मोठी पेठ मंचरला, आणि आंबेगाव स्वतः डिंभे धरणाच्या पाण्याखाली. मुलांच्या दाखल्यांवर, शेताच्या उताऱ्यांवर हे नाव रोज लिहिलं जातं, पण त्या गावाला जाणारी एसटी नाही. जुना डांबरी रस्ता डोंगराच्या कडेनं उतरत येतो आणि सरळ पाण्यात शिरतो.

त्या गावात अजून दर वर्षी फेरी घालणारा एकच माणूस मला माहीत आहे. धर्माजी गुरव.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिली शाळा मला तिथलीच मिळाली. धरणाची भिंत तेव्हा उभी राहत होती आणि गाव मात्र काही घडतच नसल्यासारखं चाललेलं असे. वर टेकाडावर महादेवाचं देऊळ. तिथून उतार सुरू होई. आधी पार आणि पाटलांचं घर, मग कासार आळी, मग पेठ. आहुप्याच्या बाजूची डोंगरातली माणसं हिरडा आणि तांदूळ घेऊन या पेठेत यायची. हिरड्याचा तो तुरट वास शाळेत खडूच्या धुळीतही यायचा. पेठेखाली शिंप्यांची घरं, त्यांच्या खाली लोहारांची भट्टी, आणि अगदी शेवटी, घोड नदीच्या घाटाला लागून नावाड्यांचं एक घर. ते कोंडाबाईचं.

धर्माजीकडे देवळाची पूजा आणि झाडलोट वंशपरंपरेनं आलेली. श्रावणात घरोघर बेल पोचवणं हेही गुरवाचंच काम. त्याला एक क्रम होता. देवापासून निघायचं आणि नदीला पोचायचं. एक दार झालं की पुढचं. बेल हातात द्यायचा, उंबऱ्यावर टाकून जायचं नाही. उलट, नदीकडून देवळाकडे, गाव फक्त एकाच प्रसंगी चालत असे: मेलेल्या माणसाला घाटावर पोचवून सगळे परत फिरत तेव्हा. मुकाट्यानं, खाली मान घालून.

पाणी चढलं तशी माणसं पांगली. देव उचलून वरच्या नव्या देवळात नेला. धर्माजीला देवळाशेजारीच दोन खोल्या मिळाल्या. बायको पुढे वारली, मुलगा चाकणच्या कंपनीत गेला. नव्या देवळाला सोमवारी चार माणसं येतात, एरवी वारा. धर्माजीनं तिथे बेलाचं झाड लावलं आणि फेरी चालू ठेवली. क्रमही तोच ठेवला, आणि लोक हसतात ते त्यालाच.

पाटील आता घोडेगावात राहतात. कासार जुन्नरला गेले, पेठेतले व्यापारी मंचरला. शिंपी मात्र घोडेगावातच, पाटलांच्या भिंतीला भिंत लावून. तर धर्माजी पाटलांना बेल देतो, एसटीनं जुन्नरला जातो, तिथून मंचरला उतरतो आणि मग परत घोडेगावला येऊन शिंप्यांचं दार वाजवतो.

"परवा भिंतीपल्याड बसून च्या प्यालात भावजी, तुमचा आवाज आयकला मी," शिंप्यांच्या उज्ज्वलावहिनी दर वर्षी म्हणतात. "आमाला आज व्हय?"

"मधी कासार आळी व्हती ना, वैनी. पेठ व्हती."

"एवढी लांब का आमी?"

"हाकंवर व्हता. पर मधी घरं व्हती का न्हाई?"

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एकट्यानं फिरू नका, असं मुलानं फोनवर बजावलं. मी घोडेगावात एकटीच असते आणि रस्ते माझ्या सवयीचे, म्हणून मी त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. बेल तोडून झाला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवला होता. निघणार तेवढ्यात वारूळवाडीहून फोन आला. कोंडाबाईच्या नातसुनेचा, हर्षालीचा. आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, खाणं सुटलंय, डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा.

धर्माजी टोपली मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला.

"बाई," तो मला म्हणाला, "तिचा बेल शेवटचा. वरनं खाली जायचं म्हणलं तर चार-पाच दिस जात्यात. तवर ती..."

"मग आधी तिच्याकडेच जाऊ," मी म्हटलं.

तो हो म्हणाला, पण निघताना त्यानं देवळाकडे वळून पाहिलं.

वारूळवाडीतलं कोंडाबाईचं घर म्हणजे नातवाचं घर. ऋतिक नारायणगावच्या टोमॅटो बाजारात काम करतो, अंगणात क्रेटची चळत लागलेली असते. आत खाटेवर कोंडाबाई होती. ऐंशीच्या पुढची, हातात काकणं, चेहरा अगदी आकसलेला. धर्माजीनं फडकं सोडलं आणि तीन पानांची एक डहाळी काढली.

"कोंडाबाई, बेल आणलाय."

तिनं डोळे उघडले. "धर्मा? एवढ्या लवकर?"

"हां."

"पाटलाकडं काय म्हणत्यात?"

धर्माजीनं डहाळीवरचं पाणी फडक्यानं टिपलं.

"शिंप्याची पोरगी आली का बाळंतपणाला?"

"तिकडं अजून गेलो न्हाई."

"मग हितं कसा?"

"तुला बरं न्हाई म्हणून कळलं. म्हणलं, आदी तुला देऊन टाकावा..."

कोंडाबाईनं पुढे केलेला हात गोधडीखाली ओढून घेतला. "आदी मला? नदीकडनं सुरवात? आरं, घाटावरनं वर कवा चालत्यात? मी अजून मेले न्हाई, गुरवा!"

हर्षालीला हसू आवरेना. "आजी, घ्या ना. किती लांबनं आलेत ते."

"तू गप गं. तू पाण्याच्या वरची. तुला काय ठावं?"

"उशाला ठिवून जा बाबा," हर्षाली हळूच म्हणाली.

"उशाला न्हाई ठिवत, पोरी," धर्माजी म्हणाला. "हातात देत्यात." मग तो कोंडाबाईकडे वळला. "आन् मी वरनं येईस्तवर..."

 पुढचं कोंडाबाईनंच उचललं.

"येईस्तवर मी हाय. कुटं जाते? आता होडी तरी हाय का मला? जा. देवापासनं नीघ. आन् रोज सांच्याला फोन कर, कुटवर आलास त्ये. चुकलास तर मी सांगीन."

धर्माजीनं ती डहाळी पुन्हा फडक्यात ठेवली, इतर डहाळ्यांपासून वेगळी. बाहेर आल्यावर त्यानं डोळ्यात घालायचं औषध काढलं आणि दोन्ही डोळ्यांत घातलं, ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं तरी.

आम्ही परत देवळाशी गेलो आणि तिथून निघालो.

घोडेगावात पाटलांचे सयाजीराव घरी नव्हते. सुनेनं एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं बेल घेतला. संध्याकाळी स्टँडवरच्या बाकावर बसून धर्माजीनं फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकर चालू ठेवतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"पाटील झाले."

"पारावर टेकलास का?"

धर्माजीनं बाकाकडे पाहिलं. "टेकलो."

"मग बरं. तुझा बा बी टेकायचा थितं."

जुन्नरला शिवनेरी ढगात बुडालेला होता, कुकडीला गढूळ पाणी आलं होतं. कासारांचं बिऱ्हाड नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दार आरोही नावाच्या लहान मुलीनं उघडलं, टोपलीकडे पाहिलं आणि आत ओरडली, "मम्मी, कुरिअर!" आई आली. तिनं बेल घेतला, आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून तसाच हातात धरून उभी राहिली. धर्माजीनं तिला नमस्कार केला आणि आम्ही जिना उतरलो.

"कासार आळी झाली," संध्याकाळी तो फोनवर म्हणाला.

"मधलं घर?"

"मधल्यांचा ठिकाणा न्हाई गं. नाशकाकडं गेलं म्हणत्यात."

 "तरी त्या दारात उभा ऱ्हा जरा. नुसता सोडून जाऊ नगंस."

फोन ठेवल्यावर धर्माजी जुन्नरच्या त्या गल्लीत परत गेला आणि एका बंद शटरपुढे हात जोडून थोडा वेळ उभा राहिला. पानवाला बघत होता. मीही बाजूला जाऊन उभी राहिले.

मंचरला ज्यांची हिरड्याची वखार होती त्यांच्या नातवाचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं आदरानं बेल घेतला, काउंटरवरच्या गणपतीला वाहिला. त्या दिवशी कोंडाबाईचा आवाज बारीक झाला होता, हर्षालीनं फोन तिच्या तोंडाशी धरला असावा.

"पेठंतनं उजवीकडनं चाल," ती म्हणाली. "डावीकडं बैलं बांधल्याली असत्यात."

"व्हय," धर्माजी म्हणाला, आणि मंचरच्या त्या गर्दीच्या रस्त्यावर, ट्रकचे भोंगे वाजत असताना, खरोखर उजव्या कडेला सरकला.

मग घोडेगावला परत येऊन शिंपी झाले. उज्ज्वलावहिनींनी ठरलेला टोमणा मारला, मग कोंडाबाईचं कळल्यावर पदर तोंडाला लावला. शेवटी राहिले लोहार. ते पिंपरी पेंढारला असतात. भट्टी केव्हाच गेली, आता शेतीच्या अवजारांचं वेल्डिंग करतात. पोचायला आम्हाला दिवस कलला. लोहारांचे रखमाजी वयानं धर्माजीएवढेच. त्यांनी बेल दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि आम्हाला जाऊ देईनात. आळेफाट्याकडे जाणारी गाडीही निघून गेली होती.

धर्माजीनं ओट्यावरून फोन केला. "लोहार झालं, कोंडाबाई. आता तुजीच पायरी ऱ्हायली."

"आलास म्हण की घाटावर."

"आलोच. सकाळच्या गाडीनं येतो."

"दार उघडंच हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पाणी किती चढलंय रं?"

धर्माजीनं माझ्याकडे पाहिलं. श्रावणातलं धरण काठोकाठ होतं. "पायरीच्या खाली हाय," तो म्हणाला.

सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा ऋतिकचा फोन आला. पहाटे गेली.

वारूळवाडीला पोचलो तर अंगणातले क्रेट बाजूला करून जागा केली होती. कोंडाबाईला न्हाऊ घालून बाहेर आणलं होतं. हर्षालीनं धर्माजीला पाहिलं आणि ती रडायला लागली.

"झोपताना म्हणली, दाराला कडी लावू नगं," ती म्हणाली. "बेल द्या ना बाबा. त्यांच्या हातात ठेवू."

धर्माजीनं फडकं सोडलं. डहाळी सुकली होती, पण बेल शिळा धरत नाहीत. त्यानं ती हातात घेतली, कोंडाबाईच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

"तिनं हात फुडं करायचा असतो, पोरी," तो म्हणाला. "मी नुसता ठिवला तर दिला असं व्हत न्हाई."  त्यानं डहाळी परत गुंडाळली.

मीना नदीच्या काठी तिला पोचवलं. तिथल्या घाटावर आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. परत येताना माणसं आपापल्या गाडीवर बसून पाच मिनिटांत पांगली.

दुसऱ्या दिवशी धर्माजी मला घेऊन धरणावर आला. जुना डांबरी रस्ता पाण्यात शिरतो तिथे तो चपला काढून गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला. वारा होता, लाटा येत होत्या. लांबवर एकही होडी नव्हती. ती डहाळी त्यानं पाण्यावर सोडली. ती थोडी आत गेली, परत त्याच्या पायाशी आली, मग पुन्हा आत गेली. दिसेनाशी होईपर्यंत तो थांबला.

मग पाण्याकडे पाठ करून त्या रस्त्यानं वर चालू लागला. खाली मान घालून. मी मागे होते. तो पुटपुटत होता ते मला ऐकू येत होतं.

"लोहार... शिंपी... ही पेठ... वखार..."

वळणावर तो थांबला.

"बाई, घाटाकडनं वर येताना कासार आळीत आदी कुणाचं दार लागतं?"

मी आठवून पाहिलं. मला फक्त बांगड्यांची दुकानं आठवली, उन्हात चमकणारी. घरं नाही आठवली.

"मला नाही सांगता येणार, धर्माजी."

"सदा वरनंच आलो ना मी," तो म्हणाला. "अन् असं खालनं येताना कवा वर बघितलंच न्हाई."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. बटण दाबलं, पडदा उजळला. वारूळवाडीचा नंबर सगळ्यात वर होता. तो पडद्याकडे बघत उभा राहिला, आणि पडदा आपोआप विझल्यावर त्यानं फोन खिशात ठेवला.

वर देवळापर्यंत आम्ही पोचलो, पण पुढची नावं त्यानं घेतली नाहीत. यंदाच्या श्रावणात तो फेरीला निघाला नाही. झाडाला बेल भरपूर आला आहे.