अंबाजी ड्रायव्हर आणि आभाळातली गाडी

आंबेटवाडीच्या फाट्यावर उभं राहून 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असं जर कुणी अंबाजीसमोर म्हणालं, तर त्या माणसाची सकाळ गेलीच म्हणून समजा. अंबाजी त्याला थांब्याच्या बाकावर बसवणार, स्वतःच्या खर्चानं चहा पाजणार आणि चहा संपेपर्यंत सरकारी गाडीचे उपकार ऐकवणार. चहा फुंकून फुंकून पिणाऱ्याचे तर हालच.

उभी हयात त्यानं लाल गाडी घोणसे घाटातून वरखाली केली. निवृत्त झाला, गळ्यात हार पडला, नारळ मिळाला, पण खाकी शर्ट काही अंगावरून उतरला नाही. घरात पाटावर बसतानासुद्धा आधी डावीकडे बघायचा, कुणी उतरतंय का म्हणून. त्याची बायको नीराबाई शेजारणीला सांगायची, "लग्न माझ्याशी लागलं, पण संसार ह्यांनी गाडीसंगं केला."

डेपोत त्याचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. ब्रेकचं काम करून मेकॅनिकनं गाडी ताब्यात दिली की अंबाजी ती आधी रिकामी घाटात काढायचा, आणि त्या ट्रायलला मेकॅनिकला पुढच्या सीटवर बसवायचा. "ब्रेक तू बांधलास ना? मग बस." मेकॅनिक कुरकुरायचे, पोट दुखतंय म्हणायचे, एकानं तर सासरा वारल्याचं सांगितलं आणि तोच सासरा दुपारी डबा घेऊन आला. पण अंबाजीची गाडी म्हटली की नट दोनदा आवळले जायचे, हे कुणीही कबूल करील.

आता अशा माणसाच्या नशिबी मेहुणा कोण असावा? तर बुधाजी. नीराबाईचा धाकटा भाऊ, आणि धंदा मिनीडोरचा. मिनीडोर म्हणजे सहा माणसांची तीनचाकी, जिच्यात बुधाजी दहा कोंबायचा आणि अकराव्याला "जरा सरकून घ्या" म्हणायचा. लाल गाडी यायच्या आधी पाच मिनिटं तो फाट्यावर हजर, आणि पाशिंजर उचलून पसार. अंबाजी नोकरीत असताना दोघं घाटात एकमेकांना हॉर्न मारायचे आणि सणाला एका पंगतीत जेवायचे. मेहुण्याला शिव्या घालायच्या त्या फाट्यावर, घरात नाही, एवढी शिस्त दोघांनीही पाळली.

तुम्ही म्हणाल, ह्यात आभाळातली गाडी कुठून आली? ती आली प्राप्तीमुळं. प्राप्ती ही अंबाजीची एकुलती एक लेक. इंजिनियर झाली आणि थेट केरळात, सरकारी अंतराळ केंद्रात लागली. माणसं घेऊन आभाळात जाणारी कुपी परत येताना समुद्रावर हळू उतरावी म्हणून तिला मोठाल्या छत्र्या लावतात, त्या छत्र्यांचं काम तिच्याकडे. अंबाजीनं गावाला ते आपल्या भाषेत सांगितलं, "आभाळातल्या गाडीचे ब्रेक बांधते माझी पोरगी." त्या दिवसापासून फाट्यावरचा वाद जमिनीवरून सुटला तो थेट वर गेला.

बुधाजी मोबाईल पुढं करायचा. त्यात परदेशातल्या कुठल्याशा खासगी कंपनीचं रॉकेट आभाळातून येऊन काठीसारखं उभं राहायचं.

"बघा भावजी. जातं, परत येतं, उभं राहतं. पुन्हा डिझेल भरलं की दुसरी फेरी. आपलं सरकारी? एकदा गेलं की नळकांडं समुद्रात."

"समुद्रात पडतं. कुणाच्या छपरावर न्हाय पडत."

"माणूस कधी जाणार तेवढं सांगा."

"जाईल. आधी यंत्राची बाई बसवून पाठवतील, ती धड आली की माणूस. घाई कुणाला हाय?"

"खासगीवाल्यांनी तिकडं माणसं नेली, आणली, पैसेवाल्यांना फिरवूनसुदिक आणलं."

"आणणारच. तुझी मिनीडोर सीट भरल्याबिगर हलते का? तशीच ती. पैसेवाला दिसला की चला चंद्र, चंद्र, चंद्र. आणि पाशिंजर नसला की चंद्र बंद. आमची गाडी एक म्हातारी असली तरी आंबेटवाडीला येते. तुझा खासगीवाला एका म्हातारीसाठी मंगळावर जाईल?"

"म्हातारी मंगळावर कशाला जाईल?"

"लेकीकडं," अंबाजी म्हणायचा, आणि बाक हसायचा.

पण बुधाजीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणायचा, "रस्ता सरकारनं बांधला, मान्य. म्हणून काय त्याच्यावर गाडी फक्त सरकारनंच चालवायची? शेवटची लाल गाडी गेली की माणसानं घाटात झोपायचं का? तेव्हा ह्याच मिनीडोरला हात करतात सगळे. तसंच आभाळाचं. सरकारनं वाट दाखवली, आता चार जणांना चालवू दे, भाडं पण उतरंल." यावर अंबाजी म्हणायचा, की त्या चार जणांना उडायला मैदान कुणाचं लागतं, तर सरकारचंच. मग बुधाजी म्हणायचा, की थांबा सरकारचा आहे म्हणून मी पाशिंजर उचलायचं सोडलं का? तिथं चहा संपायचा आणि वाद दुसऱ्या दिवसावर जायचा.

एक गोष्ट मात्र अंबाजीनं कुणाला सांगितली नव्हती. सरकारी उड्डाणाची तारीख पुढं गेली की फाट्यावर बुधाजी त्याची सालटी काढायचा आणि अंबाजी मान खाली घालून ऐकून घ्यायचा. घरी आला की मात्र गुपचूप देवापुढं साखर ठेवायचा. कारण त्याचा नियम त्यालाच चावत होता. ब्रेक प्राप्तीनं बांधलेत. म्हणजे ट्रायलला पुढच्या सीटवर कोण? प्राप्ती. दुसरं कोण बसणार? त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं बसवली, आता आपली बसणार म्हटल्यावर तो तारीख पुढं जाण्याची वाट बघायचा. जोवर गाडी सुटत नाही तोवर पोरगी जमिनीवर आहे, एवढाच हिशोब. सरकारवर त्याचं प्रेम होतंच, पण त्यात हेही एक होतं.

शिमग्याला प्राप्ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मी नोकरी बदलायची म्हणतेय. हैदराबादला एक खासगी कंपनी आहे, नवीन. त्यांनाही माणसं नेणारी कुपी बनवायची आहे. छत्र्यांचं सगळं काम माझ्यावर सोपवतील. पण तुम्ही हो म्हणालात तरच जाईन. मनाविरुद्ध नको. परत जायच्या आत सांगा."

अंबाजीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. नीराबाईनं विचारलं, आमटी खारट झाली का? तो म्हणाला, झाली. खासगीवाले! ते कसले थांबतात? आज बांधलं, उद्या उडवलं. पोरीला पुढच्या सीटवर बसवतील आणि चला चंद्र.

पण हे तोंडानं कसं बोलायचं? घाबरला म्हणतील. मग त्यानं कारणं काढायला सुरुवात केली. सोमवारी म्हणाला, खासगीत पेन्शन नसते. मंगळवारी म्हणाला, तिकडचं पाणी बाधतं. बुधवारी तर म्हणाला, खासगी कंपनीतल्या मुलीचं लग्न जमत नाही. नीराबाई भडकली. "सरकारी नोकरीत आहे तरी कुठं जमवलंत?" बुधाजीला तर आयतंच कोलीत मिळालं. पण भाचीचा प्रश्न म्हटल्यावर त्यानंही फाट्यावर चकार शब्द काढला नाही, आणि ह्याचंच अंबाजीला जास्त वाईट वाटलं.

शेवटी अंबाजी म्हणाला, "बहिरीला कौल लावू. देव सांगंल ते."

प्राप्तीनं डोक्याला हात लावला. पण बापाला ती ओळखून होती. म्हणाली, "चला. देव तरी तारीख पुढं ढकलणार नाही."

बहिरी म्हणजे आंबेटवाडीचा गावदेव. गावात कुणाची विहीर खणायची असो की सोयरीक करायची असो, त्याचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. रघू गुरवानं फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या छातीवर चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. नीराबाई हात जोडून, बुधाजी खांबाला टेकून, प्राप्ती मागं आणि अंबाजी खाकी शर्टाची वरची गुंडी लावून उभा.

रघूनं साकडं घातलं, "देवा बहिरी, ही तुझी लेक प्राप्ती. सरकारी काम सोडून खासगी कंपनीत आभाळातली गाडी बांधायला जाते म्हणते. जाऊ दे असं असंल तर उजवा दे."

सगळे बघत राहिले. कळी हलेना. रघूनं पुन्हा साकडं घातलं. उजवी जागची हलेना, डावी पण हलेना. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडून गेली.

"भावजी," बुधाजी हळूच म्हणाला, "देव पण सरकारीच निघाला."

"तपासून देतो तो," अंबाजी गुरकावला, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता.

रघू गुरव म्हातारा, अर्ध्या गावाची पोटं त्यानं आतून पाहिलेली. तो वळून म्हणाला, "अंबाजी, ओठात एक आणि पोटात एक असलं की कळी न्हाय सुटत. इचारायचं काय हाय तुला? पोटातलं काढ बाहेर."

अंबाजीनं बायकोकडं बघितलं, बुधाजीकडं बघितलं. लेकीकडं बघायची हिंमत झाली नाही. मग मूर्तीकडं बघत भडाभडा बोलला, "देवा, सरकारी का खासगी, मला काय करायचं? मला एवढंच सांग, ब्रेक हिनं बांधलेत, म्हणजे ट्रायलला हिलाच बसवणार. सरकारवाले निदान लवकर सोडत तरी न्हाईत. हे खासगीवाले लगेच उडवतील. माझी पोरगी वर गेली तर धड खाली येईल का?"

नीराबाईनं तोंडाला पदर लावला. प्राप्ती पुढं आली, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

"बाबा, मला कोण बसवतंय?"

"ब्रेक तू बांधलेस ना?"

"मी बांधले. पण ट्रायल रिकाम्या कुपीची असते. हेलिकॉप्टरनं उंच नेतात, वरून सोडतात आणि आम्ही लांबून बघत बसतो. माणसं जायची ती वेगळी. हवाई दलातले वैमानिक, निवडून घेतलेले."

"म्हणजे तू जाणार न्हाईस?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाबा."

अंबाजी मटकन पायरीवर बसला. त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं. नीराबाई म्हणाली, एवढ्यासाठी आमटीला नावं ठेवलीत? तो हसला. बुधाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं छान झालं होतं.

आणि मग अंबाजीचं हसू हळूहळू उतरलं. कपाळाला आठी पडली.

"पण का न्हाय?" तो म्हणाला.

"काय का नाही?"

"ब्रेक बांधायला माझी पोरगी, आणि पुढच्या सीटवर दुसरीच माणसं? ही कुठली पद्धत? तू इचारलंस का त्यांना?"

प्राप्ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुला जायचं होतं?" अंबाजीनं हळू आवाजात विचारलं.

"लहानपणी घाटात तुमच्या गाडीत बसायची ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "तिथं विचारायची सोय नाही, बाबा. आता तरी फक्त वैमानिकच. ह्या कंपनीवाल्यांनी विचारलं, पुढंमागं आपली माणसं न्यायची झाली तर नाव देणार का म्हणून. नक्की काही नाही. दहा वर्षं लागतील, नाही तर जमणारच नाही. पण नाव तरी देता येतं."

अंबाजीनं शर्टाची वरची गुंडी काढली, पुन्हा लावली. आयुष्यभर जे बोलला ते गिळायला वेळ लागतोच माणसाला. तेवढ्यात रघू गुरवानं खाली बोट दाखवलं. उजवी कळी कधीची पायाशी पडली होती, कुणाचं लक्षच नव्हतं.

"कुठल्या बोलण्याला पडली ती?" बुधाजीनं विचारलं.

"ह्यानं पोटातलं इचारलं ना, धड खाली येईल का, त्याला," रघू म्हणाला.

अंबाजीनं कळी उचलली, खाकी शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "जा. नाव दे. पण नट दोनदा आवळ."

दोन दिवसांनी प्राप्ती निघाली. बुधाजी सकाळीच मिनीडोर घेऊन दारात हजर, भाचीला माणगावच्या स्टेशनावर सोडतो म्हणून. अंबाजीनं त्याला चहा दिला आणि गाडी मात्र नाकारली. सरकारी ते सरकारी. बाप, लेक आणि मामा, तिघंही फाट्यावर येऊन उभी राहिली. गाडीला उशीर झाला होता; बुधाजीनं एकदाच घड्याळ बघितलं आणि हात खिशात घातला.

लाल गाडी आली. ड्रायव्हर नवीन पोरगा, पण अंबाजीला ओळखणारा. खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, ताईला मागं बसवा, आरामात जागा हाय. पुढं लई धक्के बसतात."

अंबाजीनं लेकीची बॅग उचलून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली सरकवली.

"पुढंच बसू दे," तो म्हणाला. "सवय हवी तिला."