गच्चीवरून गेलेली वायर

शेतकऱ्यांच्या वाईट बातम्या रोजच्या झाल्या होत्या, त्या वर्षांत मी अकोल्यातल्या एका छोट्या वाहिनीत इंजिनिअर होते. आठवड्यातून एकदा दुपारी अमरावतीच्या स्टुडिओतून शेतीचा थेट कार्यक्रम इंटरनेटच्या लाइनवरून आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो पुढे दाखवायचो. एकदा मध्येच चित्र गोठलं. प्रश्न विचारायला आमच्याकडे फोन लावलेला वरूडचा एक बागायतदार "हॅलो, हॅलो" करत राहिला. तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या. एकच चित्र दोन्हींवरून यायचं. एक तुटली तरी पाहणाऱ्याला कळणार नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आमचे वायरमन चाचा परतवाड्याचे. ते अमरावतीत स्कूटरवर फिरून लाइन कुठून कुठे जाते ते बघून आले.

"मॅडम, कंपन्या दोन हायेत, पण स्टुडिओपाशी वायरीची नाली एकच हाये. एक खड्डा खोदला का दोन्ही तुटतीन."

मला राग आला. कागदावर त्या वेगळ्या आहेत, असं मी सुनावलं.

"कागद तुमी पाहा. मी नाली पाह्यली."

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग स्वतः अमरावतीला जाऊन पाहिलं आणि गुमान एक लाइन गच्च्यांवरून फिरवून घ्यायला सांगितली.

पुढच्याच कार्यक्रमात चाचांची मुलगी संत्र्याच्या फळगळीवर बोलणार होती. शेतीच्या कॉलेजात शिकणारी घरातली पहिलीच. स्टुडिओत चाचांसाठी खुर्चीही ठेवली होती. पण गच्चीवरच्या वायरीला वानरं लोंबकळायची, म्हणून ते तासभर उन्हात काठी घेऊन वरच उभे राहिले. दहा मिनिटं झाली असतील, रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने जमिनीतली वायर तोडली. अकोल्यात माझ्यासमोर लाल दिवा लागला. चित्र मात्र एकदाही अडखळलं नाही.

संध्याकाळच्या बसने चाचा आले. "पोरगी बरी बोलली ना, मॅडम?"

तासभर मी फक्त दिवे पाहत होते. तसं कबूल केलं, आणि फार लाज वाटली. त्यांना माझ्या खुर्चीत बसवून रेकॉर्डिंग लावलं. ते पुढे झुकून, श्वास रोखून पाहत होते.

संपल्यावर डोळे पुसत म्हणाले, "आता पुन्हा लावा. चित्र कुठी तुटते का, तेच पाहून राहिलो होतो. पोरगी काय बोलली ते आयकलंच नाई."