वासंतीच्या कासवांची जात

वासंती भोईर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते. फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगाही सोलून टाकल्या. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी... आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं दुःखाचं नव्हतं, लाजेचं होतं.

ठाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्षी प्राणिशास्त्र शिकवायला लागलो. ती बाळकुमच्या आगरी घरातली, वडील मिठागरावर राबलेले. मी डोंबिवलीच्या ब्राह्मण घरातली, दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत मोठी झालेली. वासंतीला वेड होतं कासवांचं, तेही आपल्या खाडीतल्या नव्हे. भर समुद्रातल्या बेटांवरची, माणूस पाठीवर बसेल एवढी अवाढव्य कासवं! प्रत्यक्षात तिने एकही पाहिलं नव्हतं. एका बेटावरच्याची पाठ घुमटासारखी, दुसऱ्यावरच्याची मानेपाशी खोगिरासारखी उचललेली. तेव्हाची आमची पुस्तकं सांगत, ही सगळी एकाच जातीची, बेटागणिक प्रकार तेवढे निराळे. वासंतीला हे मुळीच पटत नसे. "अगं, पाठीवर काय जातेस? दिसायला सारखी म्हणून नातं जवळचं होतं का? आत बघायला पाहिजे, आनुवंशिक फरक किती आहे ते," असं म्हणून ती माझा डबा थंड होईपर्यंत भांडायची.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजच्या वार्षिकाचं संपादन माझ्याकडे आलं. तिने त्यात याच विषयावर लेख दिला, यांतली काही कासवं वेगळ्या जातींचीच ठरतील असं ठासून मांडणारा. 'जात' हा आमच्या शास्त्रातला साधा शब्द, वर्गात मी रोज वापरत होते. पण वर भोईर हे नाव आणि खाली पानभर जात, रक्त, वेगळी जात... स्टाफरूममध्ये कुणी तरी हसेल, काही तरी बोलेल, असं माझ्या मनात आलं. मी तिला जपतेय, अशी स्वतःची समजूत घातली आणि तिला न विचारता प्रत्येक 'जात' खोडून 'प्रकार' लिहिलं.

अंक हातात पडल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. "मीना, जे खोडून काढायला मी लेख लिहिला, तेच माझ्या नावावर छापलंस की गं!" मी चाचरत कारण सांगितलं. तिने अंक मिटून काखेत घेतला. मग म्हणाली, "मी कासवांबद्दल लिहिलेलं गं. जात तुझ्या डोक्यात आली."

डॉक्टरेटसाठी तिला घेणार असलेल्या प्राध्यापकांनी तो छापील लेख मागवला होता. जात आणि प्रकार यांतला फरक कळत नाही तिने संशोधन कसलं करायचं, असं म्हणून त्यांनी दुसऱ्याला घेतलं. चूक माझी आहे, हे त्यांना चार ओळींत कळवता आलं असतं. माझं हसं होईल म्हणून मी कळवलं नाही. वासंतीनेही कधी 'कळव' म्हटलं नाही. आमचं हसणं-बोलणं चालूच राहिलं, फक्त तिने पुन्हा मला काही वाचायला दिलं नाही. ती डॉक्टरेटशिवायच गेली. लेखाला दहा-बारा वर्षं उलटल्यावर, आता अलीकडे, परदेशात त्या कासवांच्या रक्ताची तशी तपासणी होतेय, असं वाचलं. तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

गेल्या आठवड्यात बाळकुमला तिच्या घरी जाऊन आले. तिची मुलगी रुपाली यंदा बारावीला आहे. तिने कपाटातून तो अंक काढून माझ्यापुढे धरला. वासंतीने प्रत्येक 'प्रकार'वर काट मारून शाईने 'जात' लिहिलं होतं, एकही सुटला नव्हता.

"मावशी, केवढा घोळ घातला ना छापखान्याने? आई म्हणायची, कंपोझिटर नवीन होता."

मी चहाचा घोट घेतला. "हो गं," म्हटलं, "नवीन होता."

रुपाली, कंपोझिटर जुना होता. त्याने माझं अक्षर अगदी बरोबर लावलं होतं.