मामंजींचा तांबडा कोंबडा

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, पलटणीतल्या साहेबानंतर कुणाचा रुबाब मानला असेल तर एका कोंबड्याचा. पेन्शनीवर आलेला माणूस, गावात नवं काही निघालं की पहिला नंबर ह्यांचा. पंचायत समितीत तेव्हा गावठी नर दिले की त्यांच्या बदली विलायती नर मिळायचा. ते धूड मामंजींनी साताऱ्याहून एसटीत मांडीवर बसवून आणलं. तांबडाभडक रंग, जाड पाय, पैलवानासारखी छाती.

"ह्याच्या लेकी अंडी देत्याल आन ल्योक रश्शाला येत्याल," मामंजी म्हणाले.

आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं!"

पण मामंजी म्हणाले तसंच झालं बघा. गावठी कोंबड्यांखाली त्याची पिल्लं भराभर वाढली. नर आरवायला लागले की आत्याबाई त्यांच्या छातीचं हाड चाचपायच्या आणि कुणाचा नंबर आधी ते ठरवायच्या. आदल्या सांजेला त्याला डालग्याखाली नुसत्या पाण्यावर ठेवायचा, सकाळी मुलाणीभाऊ यायचे. आमच्यात दुसरं कुणी सुरी लावत नसे. मग पिसं काढायची, चिपाडाच्या जाळावर भाजून हळद चोळायची आणि परसात तीन दगडांवर शिजवायचं, कारण घरातल्या चुलीला असलं चालायचं नाही. मामंजी मिटक्या मारत खायचे. तांबड्याच्या लेकांची कधी दया आली नाही, पण तांबड्याला मात्र रोज स्वतःच्या हातानं भाकरी भरवायचे. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई," अशी ऑर्डरच होती.

त्या वर्षी जत्रेनंतर मामंजी तापानं अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. ज्यांच्या तोंडाला अख्खी गल्ली भ्यायची त्या आत्याबाई पेजेची वाटी घेऊन उशाशी बसायच्या. "आवं, येवढा घोट तरी घ्या की. माझ्यासाठी घ्या." मामंजी भिंतीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात काही गेलं नाही तर माणूस हाती लागायचा नाही, कोंबड्याचा अळणी रस्सा देऊन बघा.

आता कोंबडा आणायचा कुठून? जत्रेच्या पाव्हण्यांनी सगळे नर फस्त केलेले, कोंबड्या खुडूक होऊन अंड्यांवर बसलेल्या, बाजार लांब. राहिला होता एकटा तांबडा.

"आत्याबाई, मामंजींना कळलं तर?" मी म्हटलं.

"कळंना! आदी पोटात तर जाऊ दे. मग मलाबी काप म्हणावं."

मुलाण्याला घरी बोलावलं तर मामंजींना सुगावा लागेल, म्हणून तांबड्याला पदराखाली धरून त्या स्वतःच गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात टोपलं आणि दुसऱ्या काखेत मुलाण्याचा काडीपैलवान गावठी कोंबडा! मी तोंडाला पदर लावला.

"हसतीस काय गं? ह्येच्या हाडाला रस न्हाई, पर आरवंल तरी. पहाटं आरवला न्हाई तर म्हाताऱ्याला कळंल न्हवं," त्या करवादल्या. मुलाणीभाऊसुद्धा म्हणाले होते म्हणे, "वयनी, कापायला कोंबडं आणत्यात ते ठावं हाय, आरवायला न्हेत्यात ते आजच बघतोय."

जून कोंबडा, शिजता शिजेना. मी कच्च्या पपईची फोड टाकली. आत्याबाई परसातल्या जाळापुढं बसून रडल्या, सरळ मोठ्यानं रडल्या. "माझ्याबी हातची भाकरी खायचा गं मुडदा." मलाही रडू आवरेना.

सांजेला त्यांनी वाटी मामंजींच्या ओठाला लावली. एक घोट गेला. मामंजी थांबले.

"कुठनं आणलं?"

"बाजारातनं."

त्या दिवशी बाजार नव्हता, आणि हे मामंजींना माहीत होतं. तरी त्यांनी वाटी संपवली.

पहाटे मुलाण्याचा कोंबडा भिंतीवर चढला आणि असा चिरका आरवला की मी गोधडीत तोंड खुपसलं. कुठं तांबड्याचा तो भारदस्त आवाज आणि कुठं ही पिपाणी! मामंजी जागेच होते.

"काय गं, तांबड्याचा गळा बसला का काय?"

"व्हय. सर्दी झालीया त्येला," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी आढ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मग त्येलाबी रस्सा पाज थोडा," ते म्हणाले. "आन उरला आसंल तर मला आण. भाकरी कुस्करून आण."

आत्याबाईंना उठवेचना. मीच पळाले परसात, जाळ करायला.