वायर ओढणारे सुभेदार

चालू लाईनची वायर भर दुपारी स्वतःच्या हाताने उपटणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे सुभेदार. लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त होऊन ते सांगलीच्या आमच्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायला आले आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. कवठे महांकाळच्या केंद्रातून पेशंटचा ईसीजी सांगलीच्या डॉक्टरांकडे यायचा. इंटरनेटची पहिली लाईन तुटली तर दुसरी किती वेळात काम उचलते, हे सुभेदार मोजायचे. आधी केंद्रातल्या सिस्टरना फोन करायचे, "पेशंट न्हाई न्हवं कोण? मग ओढतो बघा."

स्क्रीनवर लाईन लगेच हिरवी दिसायची. मी म्हणायचे, झालं. त्यांचं घड्याळ मात्र चालूच. तिकडून पाठवलेला नमुना ईसीजी इकडे नीट उघडला, की मगच ते बटण दाबायचे. "चूल पेटली म्हंजी भाकरी झाली व्हय गं पोरी?"

गाव त्यांचं तिकडचंच, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. "माझीच माणसं हायत ती. त्यास्नी सांगलीपतूर यायला लय येळ लागतो, कागद तरी बिगी यावा," म्हणायचे. डॉक्टर वैतागायचे, हॉस्पिटलचे साहेब समज द्यायचे. सुभेदार "जी साहेब" म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा वायरीला हात घालायचे. माणूस महा हट्टी होता, आणि मला त्याचा फार लळा होता.

मग रस्त्याच्या कामावर जेसीबीने जमीन उकरली आणि दोन्ही लाईनी एकदम गेल्या. कंपन्या दोन म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वायरी मात्र दोघांनी एकाच चरातून नेल्या होत्या. नेमका तेव्हाच केंद्रात एक म्हातारा छाती धरून आला होता. सिस्टरनी फोनवर लक्षणं सांगितली, ॲम्ब्युलन्स निघाली, म्हातारा वाचला. आम्ही सुटलो म्हणालो. सुभेदार त्या दिवशी जेवले नाहीत.

"मी हितं खोलीतली वायर वडत बसलो. मातीत काय हाय ते कवा बघितलं?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्कूटीवर मागे बसून त्यांनी तो सगळा रस्ता पालथा घातला. कुठे खोदकाम दिसलं की उतरायचे, मजुरांना चहा पाजायचे आणि वायर कुणाची ते विचारायचे. साहेबांच्या केबिनबाहेर ठिय्या मारून अखेर दुसरी लाईन टॉवरवरून, हवेतून आणवली. त्या दिवशी वायर त्यांनी मला ओढायला लावली. "वड गं. आता तुटू दे खुशाल."

पुढे ते काम सोडून गावी गेले. गेल्या उन्हाळ्यात कवठे महांकाळहून एक ईसीजी आला, त्यावर नाव त्यांचं होतं. डॉक्टरांनी लगेच पाहिला, औषध सांगितलं, ॲम्ब्युलन्सही वेळेत निघाली. सुभेदार वाटेतच गेले. इतकं सगळं नीट झालं आणि माणूस हाती लागला नाही, याचा राग मला अजून येतो.

त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकू, त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "सिस्टर बोलली, सांगलीत कागद उघडला. तवा हासलं बघ ह्ये. मी म्हटलं, आवं, छातीत दुखतंय न्हवं तुमच्या?"